२४ जणी आणि एक होडी

#थ्रेड
स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रीने त्या हाताने जड काही उचलू नये, हात सुजेल, हा सल्ला विसाव्या शतकात वेदवाक्यच मानला जाई. काखेतील लसिका ग्रंथी काढल्यावर सूज येऊ शकते, हे खरे. पण श्रमाने ती येतेच का, हे फारसे तपासलेच गेले नव्हते.

१९९६ मध्ये कॅनडातील व्हँकूव्हरला डॉ. डॉन मॅकेन्झी यांनी अशा २४ स्त्रियांना ड्रॅगन बोट वल्हवायला बसवले. आधी व्यायामाने तयारी, मग पाणी. एकीलाही नवी सूज आली नाही! प्रयोग संपला, होडी थांबली नाही. आज अनेक देशांत अशी पथके आहेत.

माझ्या मते वल्ह्याइतकेच श्रेय शेजारणीचे.

आता फुलंब्री पाहा. शासकीय कर्करोग रुग्णालय सुमारे ३० किलोमीटरवर, छत्रपती संभाजीनगरात. उपचार संपल्यावर केवळ व्यायामासाठी आठवड्यातून तीनदा एस.टी. कोण पकडणार? मोबाइलवरचा वर्ग इथे उपयोगी. मात्र नुसती चित्रफीत धाडली, तर ती चार दिवसांत मागे पडते. ठरलेली वेळ हवी, मराठीत बोलणारी फिजिओथेरपिस्ट हवी, आणि पडद्यावर सोबत हात उचलणाऱ्या आणखी चौघीजणी.