'लुचाई'चे वाचक

मराठी कादंबरीचा इतिहास शिकवताना अद्भुताचा विषय आपण साधारणपणे पहिल्या दोन तासिकांत उरकतो. 'यमुनापर्यटन' (१८५७) झाले की हळबेशास्त्र्यांची 'मुक्तामाला' (१८६१) येते, मागोमाग रिसबुडांची 'मंजुघोषा' येते, आणि हरिभाऊ आपट्यांचे आगमन होताच अद्भुत हे कादंबरीचे बालपण ठरून बाजूला पडते. नाथमाधवांच्या 'वीरधवल'ला पुढे एखादी ओळ मिळते. नारायण धारप (१९२५–२००८) यांना तीही मिळत नाही.

वाचकांनी मात्र हा निकाल कधीच मानलेला नाही. धारपांची 'लुचाई' ही कादंबरी वाचनालयांतून हातोहात फिरली. ती वाचलेला माणूस दुसऱ्याला ती वाचायला लावल्याशिवाय राहत नाही, हा आमचाही अनुभव आहे. फुलंब्री हे अजिंठ्याच्या रस्त्यावरचे तालुक्याचे गाव. धारपांच्या अनेक पुस्तकांच्या नव्या आवृत्त्या जवळच्याच शहरातून, छत्रपती संभाजीनगरच्या साकेत प्रकाशनाकडून निघाल्या. ज्या लेखकाला अभ्यासक्रमाने आधार दिला नाही, त्याचे पुनर्मुद्रण केवळ वाचकांच्या मागणीवर होते, ही वाङ्मयेतिहासाच्या दृष्टीने लहान घटना नव्हे. पुढे 'तुंबाड' (२०१८) या चित्रपटामुळे धारपांच्या कथेची चर्चा सर्वत्र झाली. पण चर्चा झाली ती चित्रपटाची.

समीक्षेचा आक्षेप ठरलेला आहे: हे लेखन उसने आहे. 'लुचाई'च्या मागे स्टीफन किंगची 'सालेम्स लॉट' (१९७५) आहे, हे वाचकांनी केव्हाच ओळखले आहे. ऋणनिर्देशाचा प्रश्न रास्त आहे आणि तो टाळू नये. परंतु आगरकरांचे 'विकारविलसित' आणि देवलांचे 'झुंझारराव' आपण शेक्सपिअरची रूपांतरे म्हणून आदराने शिकवतो, 'ती फुलराणी'चे कौतुक करताना शॉ आडवा येत नाही. मग भयकथेच्याच बाबतीत उसनेपणा हा शेवटचा शब्द का ठरावा? (बहुधा मूळ पुस्तकही प्रतिष्ठित नाही, हे खरे कारण असावे.)

वास्तविक या रूपांतरातली अडचण शेक्सपिअरच्या रूपांतराहून बिकट आहे. स्टोकरच्या 'ड्रॅक्युला'पासून (१८९७) रक्तपिपासू पिशाच्चाची सारी कल्पना ख्रिस्ती श्रद्धेवर उभी आहे: क्रूस, पवित्र जल, अभिमंत्रित भाकर. किंगच्या कादंबरीत फादर कॅलाहनची श्रद्धा डळमळते आणि हातातला क्रूस निस्तेज होतो. तो प्रसंग धर्मसंकेत माहीत असल्याशिवाय कळतच नाही. मराठी मुलखातली भुते निराळी. मुंजा पिंपळाशी बांधलेला, हडळ अतृप्त राहून मेलेल्या स्त्रीची, वेताळाला तर गावच्या शिवेवर मानाचे स्थान. प्रत्येकाला ठिकाण आहे, पूर्वकथा आहे, मागणे आहे. उतारा टाकला, नैवेद्य दाखवला की बहुधा तडजोड होते. आमच्या वर्गातल्या खेड्यापाड्यांतून येणाऱ्या विद्यार्थ्यांना हे शिकवावे लागत नाही.

रक्तपिपासू पिशाच्चाशी तडजोड नाही. ते साथीसारखे पसरते. काल ज्याच्या ओट्यावर बसून चहा घेतला तो शेजारी आज दार वाजवतो, आणि त्याला आत घ्यावे की नाही हे ठरवायचे असते. शेजारधर्मावर चालणाऱ्या समाजाला याहून भयंकर कल्पना कोणती असणार? मराठी भयकथेत ही भीती रुजवणे हे नुसत्या भाषांतराचे काम नव्हे, आणि 'लुचाई'चा वाचक दाराच्या कडीकडे पाहतो तो याचसाठी, असे आम्हांस वाटते.

धारपांच्या 'समर्थ' कथांतील समर्थ आणि अप्पा जोशी ही जोडी याच संदर्भात पाहण्यासारखी आहे. क्रूसाच्या जागी येथे एका साधकाची कमावलेली शक्ती उभी राहते आणि अखेर दुष्टाचा पाडाव होतो. कित्येक टीकाकारांना हा शेवट बाळबोध वाटेल. पण 'लुचाई', 'सालेम्स लॉट' आणि आजोबांकडून ऐकलेली एक मुंज्याची गोष्ट अशी तीन संहितांची तुलना एम.ए.च्या प्रकल्पासाठी दिली, तर तौलनिक साहित्याचा तास रूपांतराच्या व्याख्येपाशी थांबणार नाही. पुस्तकाची प्रत मिळवण्याची अडचण आता नाही, आणि तिसरी संहिता तर विद्यार्थ्याच्या घरीच आहे.