ब्रेक एका बाजूला का ओढतो? : ड्रमपासून डिस्कपर्यंतचा प्रवास

फळ्यावर खडूने लिहिताना एक अनुभव प्रत्येक शिक्षकाला येतो. खडू तिरपा धरून ओढत नेला तर रेघ सरळ उमटते. तोच खडू त्याच तिरप्या स्थितीत टोक पुढे करून ढकलला, तर तो अडखळतो, उड्या मारतो, कर्कश आवाज करतो आणि रेघेच्या जागी ठिपके उमटतात. हाताचा जोर तोच, खडू तोच, फळाही तोच. मग फरक कशाने पडतो?

खडू ढकलताना घर्षणाचे बल त्याचे टोक मागे, म्हणजे हाताच्या दिशेने रेटते. हात जागेवर घट्ट असल्याने टोक फळ्यात अधिकच रुतते. दाब वाढला की घर्षण वाढते, आणि घर्षण वाढले की दाब आणखी वाढतो. ओढताना नेमके उलट घडते. घर्षण टोकाला फळ्यापासून दूर नेऊ पाहते आणि दाब आपोआप कमी होतो.

मोटारीच्या ब्रेकच्या इतिहासातली सुमारे पन्नास वर्षे या खडूच्या कोड्याभोवती फिरली आहेत. वेगवान मोटारींचे ब्रेक अचानक का पकडतात आणि गाडी एका बाजूला का ओढतात, या प्रश्नाची उकल शर्यतीच्या मैदानावर झाली.

समान बल पोहोचवण्याचा प्रश्न

ब्रेकचे दोन्ही मूळ प्रकार जवळजवळ एकाच वेळी पुढे आले. १९०२ साली फ्रान्समध्ये लुई रेनो याने ड्रम ब्रेकची रचना केली. चाकाबरोबर फिरणारे एक पोकळ पिंप आणि आतून त्यावर दाबले जाणारे दोन अर्धवर्तुळाकार शू, असे तिचे स्वरूप होते. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये फ्रेडरिक लँचेस्टर याने डिस्क ब्रेकचे पेटंट घेतले. फिरत्या तबकडीला दोन्ही बाजूंनी चिमटीत पकडायचे, ही त्याची कल्पना. मात्र त्याने तांब्याची अस्तरे वापरली होती आणि धातूवर धातू घासून असह्य किंचाळी उठे. ड्रम टिकला, डिस्क मागे पडली.

त्या काळी पॅडलचा जोर सळया आणि तारा यांच्यामार्फत चाकांपर्यंत पोहोचे. एक तार किंचित सैल पडली की त्या चाकाचा ब्रेक कमी लागे आणि गाडी दुसऱ्या बाजूला वळे. चारही चाके जुळवून घेणे हे कारागिराचे कसब होते, आणि आज जुळवलेले उद्या बिघडे.

यावरचे उत्तर आपण शाळेत शिकवतो तो पास्कलचा नियम! बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो. अमेरिकेत माल्कम लॉकहीड याने द्रवचलित ब्रेक विकसित केले आणि १९२१ साली ड्यूसेनबर्ग कंपनीच्या मोटारीत ते चारही चाकांना बसवले गेले. आता डाव्या आणि उजव्या चाकाला समान दाब मिळू लागला.

तरीही गाड्या एका बाजूला ओढतच राहिल्या. समान दाब मिळूनही दोन चाकांचे ब्रेक असमान का लागत?

दोष वाढवून दाखवणारे यंत्र

आता खडूकडे परत येऊ. ड्रम ब्रेकमधला एक शू ढकललेल्या खडूसारखा वागतो. फिरता ड्रम त्याला स्वतःकडे ओढून घेतो. त्यामुळे चालकाच्या पायाला फुकटची मदत मिळते, आणि म्हणूनच ड्रम लोकप्रिय झाला. पण या मदतीची किंमत मोजावी लागते.

एक साधी भूमिती गृहीत धरू. अशा शूमध्ये १०० न्यूटन बल लावले असता मिळणारे घर्षणबल काढण्यासाठी २०० ला घर्षण गुणांकाने गुणायचे आणि 'एक वजा घर्षण गुणांक' याने भागायचे. डिस्कमध्ये फक्त दोन पृष्ठभाग असतात, स्वतःची मदत नसते. तिथे २०० ला घर्षण गुणांकाने गुणले की उत्तर मिळते.

घर्षण गुणांक ०.४ असेल तर ड्रममध्ये सुमारे १३३ न्यूटन मिळतात आणि डिस्कमध्ये ८०. आता एका चाकाच्या अस्तराला ओल लागून गुणांक ०.३ झाला असे समजू. ड्रमचे बल ८६ न्यूटनवर येते, डिस्कचे ६० वर. गुणांक एकचतुर्थांशाने घटला, तर डिस्कचा ब्रेकही एकचतुर्थांशानेच घटला. ड्रमचा मात्र एकतृतीयांशाहून अधिक घटला. उलट गुणांक ०.५ झाला तर ड्रमचे बल थेट २०० न्यूटन होते, म्हणजे दीडपट! गुणांक आणखी वाढत जाऊन १ जवळ आला तर भाजक शून्याकडे जातो. पॅडलला नुसता स्पर्श होताच चाक जखडते. यालाच ब्रेक 'पकडतो' असे म्हणतात.

थोडक्यात, ड्रम ब्रेक चालकाचा जोर वाढवतो, तसाच अस्तरातला लहानसा फरकही वाढवतो. पावसाच्या पाण्यातून गेल्यावर जुनी गाडी अचानक एका अंगाला का ओढे, याचे उत्तर इथे आहे.

२४ तासांची परीक्षा

सामान्य रस्त्यावर हा दोष चालून जाई. फ्रान्समधील ल माँ येथील २४ तासांच्या शर्यतीत तो चालण्यासारखा नव्हता. तिथल्या सुमारे साडेतेरा किलोमीटरच्या फेरीत जवळजवळ सहा किलोमीटरचा सरळ रस्ता होता आणि त्याच्या टोकाला एकदम तीव्र वळण. एक हजार किलोग्रॅमची मोटार ताशी २४० कि.मी. वेगावरून ६० वर आणायची तर सुमारे २१ लाख जूल गतिज ऊर्जा कमी करावी लागते. एवढ्या ऊर्जेत २५ अंशांचे साडेसहा लिटर पाणी उकळीला येईल. हवेचा विरोध थोडी ऊर्जा घेतो, पण बाकी सारी उष्णता ब्रेकमध्येच जाते, तीही दर काही मिनिटांनी, रात्रंदिवस.

ड्रममध्ये ही उष्णता कोंडून राहते. तापलेला ड्रम प्रसरण पावून शूपासून दूर जातो, पॅडल खोल जाते आणि अस्तराचे घर्षण घटते. चारही ड्रम सारखे तापत नाहीत, म्हणून गाडी ओढू लागते. डिस्क उघडी असते, वाऱ्याने थंड होते आणि प्रसरण पावली तरी पॅडकडेच जाते.

विमानांसाठी डिस्क ब्रेक बनवणाऱ्या डनलॉप कंपनीने जग्वार कंपनीबरोबर मोटारींवर प्रयोग सुरू केले. चाचणी चालक होता नॉर्मन ड्यूइस. विमान एकदा उतरते आणि मग ब्रेकला थंड व्हायला वेळ मिळतो. शर्यतीच्या मोटारीला ती सवलत नसते. त्यामुळे ब्रेकमधला द्रवच उकळू लागला. द्रवात वाफेचे बुडबुडे झाले की पास्कलचा नियम उपयोगी पडत नाही, कारण वाफ दाबली जाते आणि पॅडल सरळ तळाशी जाते. दुसरी अडचण अधिक फसवी होती. वेगात वळताना चाकाचा आस किंचित वाके, कलती तबकडी पॅडना मागे ढकलून देई आणि पुढच्या वेळी पहिल्या दाबाला ब्रेकच लागत नसे. एकेक कारण वेगळे काढत ही उत्तरे शोधावी लागली.

१९५२ साली स्टर्लिंग मॉसने डिस्क ब्रेकच्या जग्वार सी-टाइपने रँस येथील शर्यत जिंकली. १९५३ मध्ये टोनी रोल्ट आणि डंकन हॅमिल्टन यांनी अशाच गाडीतून ल माँ जिंकले. त्यांनी ४,००० कि.मी.हून अधिक अंतर ताशी सुमारे १७० कि.मी. सरासरीने कापले. तिथे ताशी १०० मैलांची सरासरी प्रथमच ओलांडली गेली. डिस्कला स्वतःची मदत नसल्याने पायाचा जोर अपुरा पडे. म्हणून दाब वाढवणारा पंप गिअरबॉक्सवर चालवला होता.

१९५५ चे ल माँ मात्र दुःखद ठरले. ११ जून रोजी माइक हॉथॉर्नची डिस्क ब्रेकची जग्वार पिटकडे येण्यासाठी वेग कमी करू लागली. मागची ऑस्टिन-हीली बाजूला वळली आणि पिअर लेव्हेगची मर्सिडीज तिच्यावर आदळून प्रेक्षकांत गेली. लेव्हेगसह ८० हून अधिक माणसे मरण पावली. मर्सिडीजला ड्रम ब्रेक होते आणि त्यांना मदत म्हणून मागे उभारता येणारी हवाई झडप बसवली होती. अपघाताचे खापर केवळ ब्रेकवर फोडता येणार नाही. अरुंद रस्ता आणि पिटची रचना ही मोठी कारणे होती. पण एकाच रस्त्यावर फार वेगवेगळ्या ताकदीने थांबणारी वाहने किती धोक्याची असतात, हे त्या दिवशी दिसले. त्याच वर्षी सित्रोएन डीएस या घरगुती मोटारीच्या पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक आले आणि पुढे ते सर्वत्र पसरले.

लक्षण डावीकडे, दोष उजवीकडे

आमच्या विद्यार्थिदशेत एका जुन्या मोटारीतून घाट उतरताना ब्रेक लावला की गाडी डावीकडे, दरीच्या बाजूला ओढू लागली. खाली पोहोचेपर्यंत कोणी बोलले नाही. आम्ही ठामपणे सांगितले की डावा ब्रेक पकडतो आहे. मिस्त्रींनी आमचे ऐकून घेतले आणि दोन्ही ड्रमजवळ नुसता हात नेला. डावा चांगलाच तापला होता, उजवा जवळजवळ थंड होता. उजव्या चाकाचा सिलिंडर अडकून बसला होता. डावा बिचारा एकटाच काम करत होता! तो सैल केला असता तर घाटात उरलासुरला ब्रेकही गेला असता.

निदानाची रीत अशीच असते. ब्रेक न लावताही गाडी ओढत असेल तर आधी टायरमधली हवा पाहायची. फक्त सकाळी पहिल्यांदा ओढून मग थांबत असेल तर ओल किंवा गंज. पॅडल पायाखाली धडधडत असेल तर ड्रम वाकडा किंवा तबकडीची जाडी असमान. अस्तराला तेल लागले आहे का, तेही पाहायचे. संशय उरलाच तर दोन्ही बाजूंचे शू अदलाबदल करायचे. दोषही बाजू बदलून गेला तर तो शूमध्ये आहे, नाहीतर अन्यत्र. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा प्रयोगशाळेतला नियम मिस्त्री रोज पाळतो.

अस्तराची दुसरी बाजू

एक गोष्ट सांगायलाच हवी. लँचेस्टरच्या ब्रेकची किंचाळी थांबवली ती हर्बर्ट फ्रूड याच्या ॲस्बेस्टॉसच्या अस्तराने. ॲस्बेस्टॉस उष्णता सोसतो आणि घर्षणही टिकवतो. म्हणून अनेक दशके ब्रेकच्या अस्तरांत तो असे. त्याची धूळ फुप्फुसात जाऊन जीवघेणे आजार होतात, हे पुढे सिद्ध झाले. ब्रिटनने १९९९ मध्ये त्याच्या वापरावर बंदी घातली. जुन्या ड्रममधली धूळ हवेच्या झोताने उडवण्याची गॅरेजमधली सवय म्हणूनच सोडली पाहिजे.

वर्गात हा विषय घ्यायला मोटारीची गरज नाही. खडू आणि फळा आहेच. सायकलही पुरे. तिची रिम म्हणजे मोठी तबकडीच, आणि रबरी गुटके हे पॅड. चाक उचलून फिरवावे, कोरड्या आणि ओल्या रिमवर ब्रेक लावून चाक थांबायला किती फेरे लागतात ते विद्यार्थ्यांनी मोजावे. एक गुटका किंचित अलीकडे सरकवला तर काय होते, हे आधी त्यांच्याकडून वदवून घ्यावे आणि मगच करून पाहावे. आमचा डाव्या ब्रेकचा अंदाज जसा चुकला, तसे काहींचे अंदाज चुकतील. तिथूनच शिकवायला सुरुवात करावी.