इतिहासाची परीक्षा : जुन्नर-आंबेगांवच्या शाळांच्या निमित्तानें

जुन्नर तालुक्यांतील चौथीच्या मुलास इतिहासांत हमखास विचारला जाणारा प्रश्न म्हणजे ‘शिवाजीमहाराजांचा जन्म कोठें व कधीं झाला?’ हा होय. ‘शिवनेरी किल्ल्यावर, १९ फेब्रुवारी १६३० रोजीं’ असें मुलगा लिहितो आणि पूर्ण गुण मिळवितो. ज्याच्या अंगणांतून शिवनेरी रोज दिसतो त्याचें उत्तर, आणि ज्यानें शिवनेरी केवळ चित्रांत पाहिला आहे अशा चांदा जिल्ह्यांतील मुलाचें उत्तर, यांत अक्षराचाही फरक नसतो. परीक्षकाच्या दृष्टीनें हें ठीकच आहे. परंतु ज्या मुलाच्या दारांत इतिहास उभा आहे त्यानेंही तो पुस्तकांतूनच उचलावा, आणि त्याच्या परीक्षेनेंही तेवढ्यावरच समाधान मानावें, हें पाहून कोणाही विचारी पालकास थोडें थांबावेंसें वाटेल. या प्रकारांत मुलाचें काय हरवतें आणि तें त्यास परत मिळवून देतां येईल काय, याचा विचार आम्ही येथें करणार आहों.

प्रथम त्या एका गुणाच्या उत्तराकडेच पाहूं. ही तिथि कांहीं आकाशांतून पडलेली नाहीं. आमच्या आजोबांच्या पिढीनें शाळेंत १६२७ हें साल पाठ केलें होतें. कारण बखरींतून शके १५४९ चा वैशाख महिना सांगितलेला होता. १९१६ मध्यें लोकमान्य टिळकांनीं जेधे शकावली प्रसिद्ध केली, आणि तींत शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया ही तिथि निघाली. पुढें १९२७ मध्यें परमानंदाचें शिवभारत छापलें गेलें. त्यांतही तीच तिथि मिळाली. राजस्थानांत सांपडलेल्या एका जुन्या जन्मपत्रिकेनें तिला दुजोरा दिला. तरीही वाद कित्येक वर्षें चालला, आणि २००१ साली महाराष्ट्र शासनानें १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख स्वीकारली. म्हणजे जें उत्तर मुलगा एका ओळींत लिहून मोकळा होतो, त्याच्यामागें जवळजवळ शतकभराचें संशोधन आणि भांडण आहे. नऊ वर्षांच्या मुलास शकावली वाचावयास द्यावी असें आमचें मुळींच म्हणणें नाहीं. परंतु ‘पूर्वी दुसरें साल सांगत असत, मग जुने कागद सांपडले, ते एकमेकांशीं ताडून पाहिले, आणि मोठमोठ्या माणसांनीं आपलें मत बदललें’ ही गोष्ट त्यास सहज समजेल, आणि आमच्या मतें ती त्या तारखेइतकीच मोलाची आहे.

आमच्या शाळांत इतिहास शिरला तो मुळांतच तयार उत्तरांच्या रूपानें. ग्रँट डफचा मराठ्यांचा इतिहास १८२६ साली प्रसिद्ध झाला, आणि थोड्याच वर्षांत कॅप्टन केपन यानें त्याचें मराठी भाषांतर केलें. एकोणिसाव्या शतकांतील आमच्या शाळकरी मुलांनीं आपल्या पूर्वजांची हकीकत परक्या ग्रंथकाराच्या तोंडून घेतली ती अशी. त्या ग्रंथाला ‘कशावरून?’ असा जाहीर प्रश्न विचारणाऱ्यांत नीलकंठ जनार्दन कीर्तने हे अग्रणी होते, आणि त्यांची टीका १८६८ च्या सुमारास पुढें आली. राजवाड्यांच्या साधनांचा पहिला खंड १८९८ मध्यें निघाला. भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० मध्यें पुण्यांत स्थापन झालें. अशा रीतीनें विद्वानांच्या जगांत पुरावा राजा झाला. प्राथमिक शाळेंत मात्र दिपोटीसाहेबांची वार्षिक परीक्षाच राजा राहिली. त्या काळीं निकाल पाहून शाळांना अनुदान देण्याची पद्धत होती. तेव्हां मुलानें विचार केला कीं नाहीं हें पाहण्यास सवड कोणास असणार? नेमलेलें उत्तर आलें कीं नाहीं, एवढेंच पाहिलें जाई. १९६२ साली जिल्हा परिषदा झाल्या, १९६७ साली पाठ्यपुस्तक मंडळ निघालें, पुस्तकें देखणीं झालीं; पण धड्याखालचे प्रश्न धड्यांतच उत्तर शोधावयास लावीत राहिले.

ही रीत मोडण्याचा प्रयत्न झाला नाहीं असें नाहीं. २००९ च्या शिक्षणहक्काच्या कायद्यानें बालकाच्या समजुतीचें सातत्यपूर्ण व सर्वंकष मूल्यमापन करण्यास सांगितलें, आणि २० ऑगस्ट २०१० च्या शासननिर्णयानें महाराष्ट्रांत त्यास रूप दिलें. दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय अशीं साधनें शिक्षकाच्या हातीं आलीं. तिसरी-चौथीस वर्षभरांतील आकारिक मूल्यमापनास शेंकडा ६० व सत्राखेरीच्या लेखी-तोंडी परीक्षेस ४० असें माप ठरलें. कागदावर याहून उदार योजना सांपडणें कठीण. परंतु द्विशिक्षकी शाळेंत एकेका गुरुजींकडे दोन-दोन, तीन-तीन इयत्ता, त्यांत नानाप्रकारचीं माहितीपत्रकें, आणि त्यावर प्रत्येक मुलाची वर्णनात्मक नोंद! परिणाम व्हावयाचा तोच झाला. तयार नोंदींच्या पुस्तिका बाजारांत आल्या, आणि ‘ऐतिहासिक घटनांविषयीं आवड दाखवितो’ हें एकच वाक्य वर्गांतील निम्म्या मुलांच्या नांवापुढें उमटूं लागलें. घोकंपट्टी पूर्वी मुलें करीत होतीं. आतां ती नोंदवह्यांसही करावी लागली. २०२३ मध्यें पांचवी व आठवीसाठीं वार्षिक परीक्षा पुन्हां आणण्याचें ठरलें, तेव्हां कित्येक पालकांस हायसें वाटलें, याचें कारण या निर्जीव नोंदींत शोधावें.

तथापि दोष साधनांचा नव्हे. विचारावयाच्या प्रश्नाचा आहे. चांगला प्रश्न मिळाला तर जुन्नर व आंबेगांव या दोन तालुक्यांइतकी समृद्ध इतिहासशाळा महाराष्ट्रांत क्वचितच सांपडेल. नाणेघाटांतील लेण्यांत सातवाहनांच्या राणी नागनिकेचा लेख आहे. तींत यज्ञांच्या दक्षिणेचे आंकडे ब्राह्मी लिपींत कोरलेले आहेत. दोन हजार वर्षांपूर्वीं माणसें अंक कसे लिहीत, हें पाहावयास येथील मुलास पुस्तक उघडण्याची गरज नाहीं. जुन्नरच्या एका लेण्यावर धान्य विकणाऱ्यांच्या श्रेणीनें सात खोल्यांचें लेणें व पाण्याचें टांकें दान दिल्याचा उल्लेख आहे. जुन्नरच्या दुसऱ्या एका लेखांत बांबूकाम करणारे व कांसार यांच्या श्रेणींकडे रक्कम ठेवल्याची नोंद आहे. म्हणजे इतिहास केवळ राजांनीं घडविला नाहीं, तो बुरुडानें व कांसारानेंही घडविला, हें सांगावयास शिक्षकानें व्याख्यान देण्याचें कारण नाहीं. दगडच तें सांगतो. लेण्याद्रीस गणपतीच्या दर्शनासाठीं मुलें दरवर्षीं जातात. ‘गणपतीच्या भोंवतीं या लहानलहान खोल्या कोणासाठीं असतील?’ एवढें जरी विचारलें, तरी बौद्ध भिक्षूंचा विहार त्यांच्यापुढें उभा राहील. जुन्नर ही निजामशाहीची पहिली राजधानी. येथील कागद्यांनीं केलेला जुन्नरी कागद पेशवाईच्या दप्तरांत गेला. ज्या कागदपत्रांवर आमचे संशोधक भांडले, त्यांतील कांहींचा कागदच या गांवचा होता, ही गोष्ट जुन्नरच्या मुलास कोणी सांगितली आहे काय?

आंबेगांवची कथा निराळी, आणि अधिक जिव्हारीं लागणारी आहे. ज्या गांवावरून तालुक्यास नांव पडलें तें जुनें आंबेगांवच घोड नदीवरील डिंभे धरणाच्या पाण्याखालीं गेलें. त्या जलाशयास हुतात्मा बाबू गेनू सागर म्हणतात. बाबू गेनू याच तालुक्यांतील महाळुंगे पडवळचे. मुंबईस गिरणींत कामास गेले, आणि १२ डिसेंबर १९३० रोजीं परदेशी कापडाची लॉरी अडवितांना तिच्याखालीं प्राणांस मुकले. पश्चिमेकडील डोंगरी भागांत महादेव कोळ्यांची जुनी वस्ती आहे, आणि तेथें ३० जुलै २०१४ रोजीं माळीण गांव दरडीखालीं गाडलें गेलें. एक गांव पाण्याखालीं, एक मातीखालीं. आणि त्या लोकांचीं नातवंडें आज शाळेंत बसतात. आपल्या आजीचें घर कोठें होतें, देऊळ कोणत्या अंगाला होतें, जत्रा कधीं भरे, ही माहिती कोणत्याही पाठ्यपुस्तकांत नाहीं, आणि जाणतीं माणसें गेल्यावर ती कोणाजवळच राहणार नाहीं. या मुलांस जर शाळेनें असें शिकविलें कीं इतिहास म्हणजे पुस्तकांत छापलें असेल तेवढेंच, तर त्याचा अर्थ त्यांस असा लागेल कीं आपल्या घरास इतिहास नाहीं. हें आम्हांस केवळ शिक्षणांतील उणें वाटत नाहीं. तो त्या मुलांवरील अन्याय वाटतो.

येथें कोणी म्हणेल कीं ऐकीव गोष्टींस इतिहास म्हणावयाचें काय? प्रश्न योग्य आहे, आणि त्याचें उत्तर शाळेच्या कपाटांतच आहे. प्रत्येक जुन्या प्राथमिक शाळेंत जनरल रजिस्टर असतें. तें उघडून पाहावें. जुन्या पिढीच्या नांवांपुढें जन्मतारीख म्हणून १ जून, १ जून, १ जून असें ओळीनें आढळेल. सर्व गांव कांहीं एकाच दिवशीं जन्मलें नव्हतें. शाळेचें वर्ष जूनमध्यें सुरू होई, आईबापांस तारीख ठाऊक नसे, आणि गुरुजी वयाचा अंदाज बांधून सोयीची तारीख घालीत. आतां मुलानें घरीं जाऊन आजोबांस विचारावें. ते म्हणतील, ‘बहात्तरच्या दुष्काळांत मी खडी फोडायला जायचो, तेव्हां मला मिसरूड फुटलेली होती.’ एकीकडे सरकारी शिक्क्याचा कागद, दुसरीकडे म्हाताऱ्याची आठवण. आणि वयाच्या बाबतींत कदाचित् आठवणच खरी! पण तीच आठवण दुष्काळांतील मजुरीचा दर सांगूं लागली कीं चुकूं शकते, आणि तेथें जुनी हजेरीपत्रिका अधिक विश्वासार्ह ठरते. लिहिलेलें सर्व खरें नव्हे आणि ऐकलेलें सर्व खोटें नव्हे, प्रत्येकास ‘कशावरून?’ विचारावें लागतें, हा इतिहासशास्त्राचा पहिला धडा मुलगा आपल्या घरच्या माणसाच्या जन्मतारखेवर शिकतो. तो शिकलेल्या मुलास शिवजन्माच्या तिथीचा वाद समजावयास कितीसा वेळ लागेल?

या विचारावर दोन आक्षेप येतात. पहिला असा कीं लहान वयांत शंका शिकविली तर श्रद्धा ढळेल. आम्हांस तसें वाटत नाहीं. १९१६ मध्यें जुनी तिथि बदलण्यास साधन पुरविणारे टिळक हेच शिवजयंतीच्या उत्सवाचे पुरस्कर्ते होते. ज्यावर आपलें प्रेम आहे त्याविषयीं खरें तेंच कळावें, ही त्यांची इच्छा होती. पुराव्यावर उभें राहिलेलें प्रेम अफवेनें डळमळत नाहीं. केवळ पाठ केलेलें प्रेम मात्र कोणाही वाचाळाच्या हातीं सांपडतें. वडील माणसांच्या वादांत इतिहासाच्या नांवावर काय काय खपविलें जातें हें ज्यांनीं पाहिलें आहे, त्यांस याचें विवरण नको.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा आहे, आणि तो अधिक वजनदार आहे : अशा उत्तरांना गुण कसे द्यावयाचे? प्रत्येकाची आजी निराळी, प्रत्येकाचें उत्तर निराळें. यावर आमची सूचना साधी आहे. उत्तर एकच असावें हा आग्रह सोडावा, आणि तीन गोष्टी पाहाव्या. मुलानें सांगितलें काय. त्यास आधार काय दिला. आणि तो आधार दुसऱ्या कशाशीं ताडून पाहिला काय. तिन्हींस एकेक खूण. प्रश्नही अवघड नकोत. लेण्याद्रीचा विहार, शिवजन्म, बाबू गेनूंचें बलिदान व डिंभ्याचें धरण यांचा क्रम लावा व तो कसा ओळखला तें सांगा. गांवच्या देवळाविषयीं तुम्ही पाहिलेलें, ऐकलेलें व वाचलेलें वेगवेगळें सांगा. भीमाशंकरच्या देवळांत ख्रिस्ती खुणांची घंटा आहे; ती तेथें कशी आली असेल? वसईच्या १७३९ च्या मोहिमेची कथा मुलास माहीत असेल तर तो ती सांगेल. नसेल तर तर्क करील. आणि तर्कास तर्क म्हणणें हेंही शिकेल. तारखा व नांवें पाठ असूं नयेत असें नाहीं. खुंटी नसेल तर वस्त्र टांगावयाचें कोठें? पण खुंट्या मोजून वस्त्राची परीक्षा होत नाहीं.

आणि वेळेचें म्हणाल तर, चाळीस मुलांस प्रत्येकीं पांच मिनिटें दिलीं तरी दोनशें मिनिटें होतात. रोज वीस मिनिटें काढलीं तर दहा दिवसांत एक वर्ग तोंडीं तपासून होतो. नोंदवहीचीं कांहीं पानें कमी केलीं तर एवढा वेळ शिक्षकास निश्चित मिळेल, आणि लेखणी जड जाणारीं पण बोलावयास धीट अशीं डोंगरी वाड्यांतील मुलें त्या पांच मिनिटांत उजळून निघतील. वरिष्ठांनीं मात्र त्या दहा दिवसांत त्याच्याकडे नवें माहितीपत्रक धाडूं नये.

पालकांसही यांत काम आहे. मुलगा शाळेंतून आला म्हणजे ‘किती गुण पडले?’ हें विचारावें. तो आपला हक्कच आहे. परंतु त्यानंतर आणखी एक प्रश्न विचारावा, आणि त्यानें तोच प्रश्न उलट आपणांस विचारला तर रागावूं नये. जुन्नरच्या डोंगरांतील लेणीं दोन हजार वर्षें टिकलीं. आंबेगांवच्या बुडालेल्या आळ्या आठवणारीं माणसें मात्र फार वर्षें राहणार नाहींत. त्यांना विचारावयास जें मूल या वर्षीं वही घेऊन जाईल, त्याच्या वहींतच त्या गांवाचा इतिहास उरेल.