जनावरांच्या मुलखाचा नकाशा

2022 मध्ये रानहत्तींचा कळप गडचिरोलीतून गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी मोरगाव तालुक्यात शिरला. धानाच्या बांध्या तुडवल्या गेल्या, जंगलालगतच्या वस्त्यांनी रात्री जागून काढल्या. मूळचा ओडिशाकडचा हा कळप छत्तीसगडमार्गे आदल्या वर्षी गडचिरोलीत पोचला होता. आशियाई हत्ती कुठे राहतो हे दाखवणाऱ्या नकाशांत तोवर महाराष्ट्राचा हा पूर्व कोपरा कोराच होता. शाळेच्या पुस्तकापासून संशोधकांच्या संगणकापर्यंत सगळीकडे भेटणारे असे नकाशे आले कुठून? कोणी ठरवले की इथपर्यंत हत्ती आहे आणि यापुढे नाही?

हत्तीपुरते बोलायचे तर नोंद बरीच जुनी आहे. अबुल फजलने सोळाव्या शतकाच्या शेवटी लिहिलेल्या ‘ऐन-ए-अकबरी’त हत्ती कुठे कुठे सापडतात याची यादीच आहे. तीत गढा, रतनपूर आणि बस्तर ही नावे येतात. गढा म्हणजे जबलपूरजवळचे गोंड राजांचे ठाणे, रतनपूर छत्तीसगडात, बस्तर दक्षिणेला. आजचा गोंदिया जिल्हा या तिन्हींपासून फार दूर नाही. बादशहाला ही यादी हवी होती ती फौजेसाठी. पकडायचा हत्ती कुठे मिळेल, एवढाच तिचा प्रश्न होता. तरीही जनावर आणि ठिकाण यांची जोडी लिहून ठेवण्याची रीत आपल्या मुलखात किती जुनी आहे, हे तिच्यावरून कळते.

साऱ्या जगाचा नकाशा समोर ठेवून त्यावर सस्तन प्राणी मांडण्याचे काम पहिल्यांदा केले ते एबरहार्ड झिमरमान या जर्मन प्राध्यापकाने, 1777 मध्ये. त्याच्या नकाशावर रंगीत पट्टे नाहीत. जो प्राणी जिथला, तिथे त्याचे लॅटिन नाव छापलेले आहे. प्रवाशांची वर्णने, व्यापाऱ्यांच्या हकिकती, खलाशांच्या गोष्टी गोळा करून त्याने तो बनवला. ऐकीव माहितीवर उभा असला तरी त्यामागचा विचार मोलाचा होता: प्रत्येक प्राण्याला स्वतःचा मुलूख असतो, आणि तो तिथेच का, यालाही कारण असते.

ते कारण आपल्या शेजारच्या जंगलात शोधले जेम्स फॉरसिथ या अधिकाऱ्याने. 1861 मध्ये मध्य प्रांत स्थापन झाला तेव्हा आजचा गोंदिया भंडारा जिल्ह्यातच होता, आणि 1999 पर्यंत तसाच राहिला. या प्रांताची जंगले फॉरसिथने पायाखाली घातली. 1871 मध्ये निघालेल्या त्याच्या पुस्तकातले एक निरीक्षण मला फार महत्त्वाचे वाटते. बारशिंगा, रानम्हैस आणि तांबडा रानकोंबडा हे सालवृक्षाच्या जंगलाबरोबर चालतात, असे त्याच्या ध्यानात आले. साल संपून साग सुरू झाला की तेही मागे पडतात. सागाच्या मुलखात पचमढीजवळ सालाचा एक तुटक तुकडा आहे, आणि त्या तुकड्यातही त्याला बारशिंगा मिळाला. जनावराची हद्द झाड सांगते, हे इतक्या ठसठशीतपणे मध्य भारतात आधी कोणी मांडले नसावे. बालाघाटचा साल आणि इकडचा साग यांच्या सीमेवर वसलेल्या गोंदियाकराला हे वेगळे समजावून सांगायला नको. त्यातली रानम्हैस आज महाराष्ट्रात फक्त गडचिरोलीच्या कोलामार्का भागात उरली आहे.

शेजारच्या सिवनीत रॉबर्ट स्टर्नडेल नोकरीला होता. तिथल्या आठवणींचे पुस्तक त्याने लिहिलेच, शिवाय 1884 मध्ये भारत आणि सिलोनच्या सस्तन प्राण्यांवरचा ग्रंथही काढला. 1883 मध्ये मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली, तिच्या नियतकालिकाच्या पहिल्या संपादकांत तो होता. याच सोसायटीने 1911 मध्ये भारतातल्या सस्तन प्राण्यांची मोठी पाहणी हाती घेतली. सुरुवात महाराष्ट्रातूनच झाली: सी. ए. क्रम्प हा संग्राहक आधी खानदेशात उतरला. त्यानंतर बारा वर्षे ही पाहणी देशभर आणि ब्रह्मदेशापर्यंत फिरत राहिली. उंदीर, चिचुंद्री, वटवाघूळ, खार अशी शिकाऱ्यांनी कधी ढुंकून न पाहिलेली जनावरे हजारोंनी जमा झाली. प्रत्येक कातड्याला एक चिठ्ठी बांधलेली असे. तीवर गाव, समुद्रसपाटीपासूनची उंची, तारीख, नर की मादी, धड, शेपूट, मागचे पाऊल आणि कान यांची मापे. पुढे कोणी कितीही सुरेख नकाशा काढो, त्याचा पाया म्हणजे ही चिठ्ठी. कातडे खराब झाले तरी चालेल; पण चिठ्ठी हरवली की नमुना नकाशाच्या कामाचा राहत नाही.

इथून पुढची गोष्ट जनावर न मारता नोंद करण्याची आहे. ओडिशाचे वनाधिकारी सरोज राज चौधरी यांनी 1966 च्या सुमारास वाघाच्या ठशांवरून गणती करण्याची पद्धत बसवली. मागच्या डाव्या पायाचा ठसा काचेवर रेखायचा, प्लास्टर ओतून त्याचा साचा घ्यायचा. 1972 च्या देशव्यापी गणनेत 1,827 वाघ मोजले गेले ते असेच. याच काळात नागझिरा अभयारण्य (1970) आणि नवेगाव राष्ट्रीय उद्यान (1975) झाले. नवेगावला नोकरी केलेल्या मारुती चितमपल्लींनी आणि नागझिऱ्यात मुक्काम केलेल्या व्यंकटेश माडगूळकरांनी इथली जनावरे मराठी घरांत पोचवली. चितमपल्लींचे ज्ञान तर रानात राहणाऱ्या माणसांकडून वेचलेले होते. ललित म्हणून आपण ती पुस्तके वाचतो. त्या काळी कोणत्या तळ्यावर काय दिसत होते, याचा दाखला म्हणूनही ती वाचायला हवीत.

ठशांची पद्धत टिकली नाही. एकाच वाघाचा ठसा वाळूत वेगळा, चिखलात वेगळा. राजस्थानच्या सारिस्कात वाघ कागदावर होते आणि 2005 मध्ये उघड झाले की एकही शिल्लक नाही. त्यानंतर पद्धत मुळापासून बदलली. आता दर चार वर्षांनी वनरक्षक आपल्या बीटमध्ये, म्हणजे त्याच्याकडे सोपवलेल्या जंगलाच्या तुकड्यात, तीन दिवस मिळून पंधरा किलोमीटर चालतो आणि माग, विष्ठा, खोडावरचे ओरखडे टिपतो. मग दोन किलोमीटरच्या सरळ रेषेवर चितळ, सांबर, रोही मोजतो. त्या रेषेवर दर चारशे मीटरला थांबून झाडोरा आणि लेंड्या पाहतो. पुढे दोन चौरस किलोमीटरच्या चौकटी पाडून कॅमेरे लागतात, वाटेच्या दोन्ही बाजूंना, गुडघ्याच्या उंचीवर, समोरासमोर. वाघाच्या डाव्या आणि उजव्या कुशीवरचे पट्टे सारखे नसतात, म्हणून जोडी लागते. 2018 च्या मोजणीत देशभर 26,838 ठिकाणी कॅमेरे लागले आणि जवळपास साडेतीन कोटी फोटो निघाले. त्यांतले वाघाचे होते 76,651. बाकीच्या फोटोंत माणसे, गुरे आणि रानातली इतर सगळी जनावरे.

या ‘बाकीच्यां’त खरा खजिना आहे. कान्हा-पेंच संचारमार्गात, म्हणजे गोंदियाच्या उत्तरेच्या शेजारात, लावलेल्या कॅमेऱ्यांत युरेशियन ऊद (पाणमांजर) टिपला गेला. मध्य भारतात तो असल्याचा फोटो 2016 पर्यंत कोणी प्रसिद्ध केला नव्हता.

जगाचा नकाशा 2008 मध्ये नव्याने उभा राहिला. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने (आययूसीएन) 130 देशांतल्या 1,700 हून अधिक जाणकारांना कामाला लावून 5,487 सस्तन प्रजातींचे मूल्यांकन केले आणि त्यांचे नकाशे खुले केले. चारांतली एक प्रजाती धोक्यात आहे, हे तेव्हा कळले. काम अफाट आहे, पण त्याची मर्यादाही मोठी आहे. नकाशावर प्रजातीचा मुलूख एका सलग रंगाने भरलेला असतो. नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प 2013 मध्ये झाला. तिथे मात्र नागझिरा आणि नवेगाव यांच्यामधून राष्ट्रीय महामार्ग जातो, आणि गोंदिया-बल्लारशा रेल्वेमार्गही याच जंगलपट्ट्यातून जातो. रस्ता ओलांडताना मेलेले अस्वल त्या सलग रंगात दिसत नाही.

उलट, नागझिऱ्यात जन्मलेला ‘जय’ वाघ 2013 मध्ये शेते, रस्ते आणि वस्त्या पार करून उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यात पोचला. कुठल्या नकाशाने ‘वाघाचा मुलूख’ म्हणून रंगवली नसती अशा जमिनीवरून तो गेला. एप्रिल 2016 नंतर तो दिसला नाही. मे 2023 मध्ये चंद्रपूरकडच्या दोन वाघिणी आणून नागझिऱ्यात सोडल्या गेल्या, म्हणजे इथल्या वाघांच्या नकाशात आता माणसाचाही हात आहे.

म्हणून माझे मत असे, की तारखेशिवायचा प्राणिनकाशा खरा मानू नये. आज जगात साडेसहा हजारांहून अधिक सस्तन प्रजाती मोजल्या जातात. त्यांतल्या वाघ-बिबट्यांमागे कॅमेरे आहेत. साळिंदर, मसण्या ऊद, वाघाटी, खवल्या मांजर आणि वटवाघळे यांच्यामागे फारसे कोणी नाही. त्यांच्या नकाशांची किनार अजूनही जुन्या चिठ्ठ्यांवर आणि तुरळक नोंदींवर अवलंबून आहे.

गोंदिया जिल्ह्यातल्या वाचकांना म्हणूनच विनंती आहे. धुऱ्यावर, बोडीच्या काठी, रस्त्यावर, जिवंत किंवा मेलेले वेगळे जनावर दिसले तर फोटो काढा, गावाचे नाव आणि तारीख लिहा, आणि जवळच्या वनपरिक्षेत्र कार्यालयात कळवा. खवल्या मांजर असेल तर जागा फेसबुक-व्हॉट्सॲपवर मुळीच टाकू नका, कारण ती माहिती शिकारी आधी वाचतात.