कमरेच्या खालची थंडी : घोंगडी, सर्ज आणि लोकरीची पँट

(ओझर येथे दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



ओझरकरांसमोर उभं राहून थंडीवर बोलणं म्हणजे कोल्हापूरकराला तांबडा रस्सा शिकवण्यासारखं आहे. निफाड तालुक्याची थंडी साऱ्या महाराष्ट्राला पेपरातून कळते. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा पाच अंशांच्या खाली गेला की बातमी होते. तुम्हाला बातमी लागत नाही. पहाटे द्राक्षबागेत शेकोट्या पेटल्या, धूर जमिनीलगत पसरला, की कळतं. चंपाषष्ठीला खंडेराव महाराजांच्या यात्रेत बारागाड्या बघायला उभं राहिलं की कळतं.

आज आम्हाला बोलायचं आहे ते लोकरीच्या पँटबद्दल. हसा, हरकत नाही. विषय सांगितल्यावर आमच्या घरीही हसले होते. पण एक प्रश्न आम्हाला बरेच दिवस छळतोय. दख्खनमध्ये मेंढी आहे, लोकर आहे, सूत काढणारे हात आहेत, विणणारे माग आहेत. मग आपल्या पारंपरिक पोशाखात लोकर कमरेच्या खाली का उतरली नाही? डोक्याला मुंडासं, अंगावर घोंगडी, आणि खाली धोतर, नाहीतर गुडघ्यापर्यंतचा चोळणा. पाय उघडे. थंडी काय फक्त खांद्यालाच वाजते?

आधी घोंगडी बघू. आपल्या शिवारात दिवाळीनंतर धनगरांचे वाडे येतात, शेतात मेंढ्या बसवतात, हे तुम्ही बघताच. ती दख्खनी मेंढी. एका मेंढीपासून वर्षाकाठी किलोभरही लोकर मिळत नाही, आणि मिळते ती जाड, राठ. चांगल्या मेरिनो लोकरीचा तंतू साधारण १७ ते २२ मायक्रॉनचा असतो. दख्खनी लोकरीचा त्याच्या दुपटीच्या आसपास, कित्येकदा त्याहून जाड. आणि तंतू तीसेक मायक्रॉनच्या पुढे गेला की तो कातडीला टोचतो. नवी घोंगडी उघड्या अंगावर घेतलेल्याला हे सांगावं लागत नाही. त्यातल्या त्यात मऊ ती जावळाची, म्हणजे कोकराच्या पहिल्या कातरणीच्या लोकरीची. सूत धनगर बायांनी काढायचं, विणायचं खुटेकरांनी किंवा सणगरांनी, आणि वर चिंचोक्याची खळ. त्या खळीनं घोंगडी कडक होते आणि वाराही अडवते.

आता ती वापरतात कशी ते आठवा. उभ्यानं पांघरायची, पावसात खोळ करून डोक्यावरून घ्यायची, रात्री अंथरायची. बसलं की सगळा देह तिच्यात मावतो, पायांसकट. आमचं म्हणणं असं, की घोंगडी हा थांबलेल्या माणसाचा कपडा आहे. मेंढ्यांवर नजर ठेवून उभा असलेला, राखणीला बसलेला, झोपलेला. चालणाऱ्या माणसाला तिची फारशी गरज पडत नाही. मांडीचे स्नायू शरीरातले सगळ्यात मोठे, ते चालू लागले की स्वतःच भट्टी होतात.

दुसरं कारण पाणी. आपल्याकडे गुडघ्याखाली चिखल आणि पाणी असतं. पावसाळ्यात तर असतंच, पण रब्बीतही. रात्रीच्या पाळीची लाइट आली की तीन वाजता उठून कांद्याला, गव्हाला दारं धरायला कोण जातं? तिथं पँट दुमडून गुडघ्याच्या वर न्यावी लागते. उघडी पोटरी दोन मिनिटांत वाळते. भिजलेली लोकर वाळत नाही. आपल्या भाषेत ‘भिजत घोंगडं’ हा वाक्प्रचार उगाच नाही आला! घोंगडं भिजलं की पाणी पीत राहतं, जड होतं आणि दोन-दोन दिवस तसंच पडून राहतं. लोकरीचा सगळ्यात मोठा दोष मराठी माणसानं एका वाक्प्रचारात लिहून ठेवलाय, आणि आपण तो फक्त रखडलेल्या सरकारी कामांसाठी वापरतो.

मग लोकर पायांवर आली कधी? जेव्हा थंड मुलखात माणसाला चालायचंही होतं आणि थांबायचंही होतं. म्हणजे मुख्यतः फौजेमुळे.

इथे एक शब्द सांगायला हवा. पोटरीला गुंडाळायच्या लोकरीच्या पट्टीला इंग्रज ‘पुटी’ म्हणायचे. तो आपलाच ‘पट्टी’ शब्द. हिमालयातले लोक पायाला पट्ट्या गुंडाळत, ते बघून हिंदुस्थानातल्या ब्रिटिश फौजेनं उचललं आणि पुढं जगभर नेलं. ४ जून १९२४ रोजी एडवर्ड नॉर्टन एव्हरेस्टवर २८,१२६ फुटांपर्यंत गेला, प्राणवायूच्या नळकांड्याशिवाय. त्याच्या अंगावर काय होतं, हे त्यानंच लिहून ठेवलंय. आत जाड लोकरीची बंडी आणि लोकरीचीच आतली विजार, मग फ्लॅनेलचा शर्ट, दोन स्वेटर. वरून वारा अडवणाऱ्या गॅबर्डिनचा सूट, त्याच्या गुडघ्यापर्यंतच्या तुमानीला आतून फ्लॅनेलचं अस्तर. आणि पोटऱ्यांना मऊ काश्मिरी पट्ट्या. आत लोकर, बाहेर वाऱ्याला आडोसा. आज दुकानात ‘लेअरिंग’ म्हणून जे ऐकवतात ते हेच.

पण हे त्या मोहिमेतल्या साहेबांचं. साध्या शिपायाचं काय? सप्टेंबर १९१४ च्या अखेरीस हिंदी फौजा फ्रान्सच्या मार्सेय बंदरात उतरल्या त्या सुती खाकीत. खंदकात पोचल्या तेव्हा युरोपचा हिवाळा तोंडावर होता आणि गरम कपडे मागाहून आले. दुसऱ्या महायुद्धात परिस्थिती बरी होती. इटलीत लढलेल्या हिंदी पलटणींना सर्जचा गणवेश होता. सर्ज म्हणजे तिरक्या विणीचं, घट्ट, लोकरीचं कापड. मराठा पलटणींनी १९४४-४५ चा हिवाळा अपेनाइन्सच्या डोंगरांत काढला. त्यात आपल्या शेजारचा, संगमनेर तालुक्यातल्या निमजचा नामदेव जाधव होता. ९ एप्रिल १९४५ ला सेनिओ नदी ओलांडून, गोळीबारातून जखमी साथीदारांना परत आणल्याबद्दल त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. असे शेकडो तरुण, ज्यांच्या घरात लोकर म्हणजे घोंगडी एवढंच, त्यांनी लोकरीची पँट पहिल्यांदा घातली ती पलटणीत.

इथे कुणीतरी पानिपत काढणार, म्हणून आम्हीच काढतो. १४ जानेवारी १७६१, उत्तरेतला ऐन हिवाळा. पलीकडे मेंढीच्या कातड्याचा, आत लोकर ठेवलेला पोस्तीन वापरणाऱ्या मुलखातले लोक, आणि इकडे दख्खनच्या कपड्यांनिशी गेलेली माणसं. थंडीमुळे लढाई हरलो असं कुणी म्हणत असेल तर आम्ही त्याच्याशी वाद घालू. उपासमार, रसद, तोफा, कितीतरी कारणं आहेत. पण उपाशी माणसाला थंडी दुप्पट लागते.

आता १९६२. इथे जरा थांबू, कारण ही गोष्ट तुमच्या गावाच्या वेशीपर्यंत येते.

त्या ऑक्टोबरात नामका चू नावाच्या ओढ्याच्या काठी, दहा हजार फुटांहून उंचावर, आपली सातवी ब्रिगेड उभी केली होती. तिचे कमांडर ब्रिगेडियर जॉन दळवी यांनी पुढं ‘हिमालयन ब्लंडर’ या पुस्तकात ते सगळं लिहिलं. मैदानातून घाईनं वर चढवलेल्या जवानांच्या अंगावर सुती हिरवा गणवेश, पायांत कॅनव्हासचे बूट, वाट्याला एक-एक कांबळं. सामान विमानातून टाकायचं, त्यातलं बरंच दरीत जायचं. २० ऑक्टोबरला हल्ला झाला. १८ नोव्हेंबरला लडाखमध्ये रेझांग ला इथं, सोळा हजार फुटांवर, १३ कुमाऊँची तुकडी लढली. हिवाळा सरल्यावर त्यांचे देह मिळाले ते जागच्या जागी गोठलेले, काहींच्या हातांत अजून शस्त्रं होती.

देशभर बायकांनी जवानांसाठी स्वेटर विणले. ते खरंच मनापासून होतं, त्याची टिंगल आम्ही करणार नाही. पण स्वेटर पुन्हा कमरेच्या वरचा! बर्फात आडवं पडून वाट बघणाऱ्या माणसाच्या मांड्या, गुडघे, कंबर जमिनीला टेकलेली असते. चालताना भट्टी असलेले तेच पाय, थांबले की सगळ्यात आधी गार होतात. सुती कापड घामानं ओलं झालेलं असतं, ते अंगाला चिकटतं आणि ऊब ओढून घेतं. सुती गणवेश मैदानात उत्तम होता. डोंगरावर तो कपडा उरला नाही.

नोव्हेंबर १९६२ मध्ये यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले. पुढे ते आपल्या नाशिकमधून बिनविरोध लोकसभेवर गेले, आणि १९६४ मध्ये ओझरला मिग विमानांचा कारखाना उभा राहिला. एचएएलचा भोंगा ऐकत इथल्या दोन पिढ्या वाढल्या. त्या पराभवातून देशानं विमानं घेतली, डोंगरी डिव्हिजन उभारल्या, आणि हेही शिकला, की उंचावर जाणाऱ्या माणसाला पँटही वेगळी लागते. तिसरी गोष्ट कुठल्या शिलालेखावर नाही, म्हणून आम्ही सांगतोय.

बरं, आता तुमच्या-आमच्या कामाचं. तुमच्यातले बरेच जण डिसेंबरात कळसूबाईला, साल्हेरला जातात, मुलं हिमालयात ट्रेकला जातात. पँट घ्यायची तर कशी?

लोकर स्वतःच्या वजनाच्या तीसेक टक्के ओलावा पोटात घेते तरी हाताला ओली लागत नाही, आणि तो घेताना थोडी ऊबही सोडते. तिच्या कुरळ्या तंतूंत हवा अडकते. ती हवा हेच खरं पांघरूण. म्हणून पँट घट्ट घेऊ नका, हवेला जागा ठेवा. विणलेल्या कापडाची जाड पँट चौरस मीटरला चारशे ते सहाशे ग्रॅमची असते. ती थांबणाऱ्याची. चढणाऱ्याला ती नको, घामानं भिजून तिचं भिजत घोंगडंच होईल. त्यानं आत दीडशे-दोनशे ग्रॅमची मेरिनोची पातळ विजार घालावी आणि वर वारा अडवणारी साधी पँट. नॉर्टनचीच पद्धत. आणि जीन्स नको. आम्ही एकदा कळसूबाईला जीन्सवर गेलो, दवात गुडघ्यापर्यंत भिजलो, आणि शिखरावर सूर्योदयाकडे पाठ करून पोटऱ्या चोळत बसलो. फोटोत सगळे हसतायत, आम्ही सोडून.

परदेशात जाड लोकरी पँट आजही सोडत नाहीत ते शिकारी. थंडीत तासन्‌तास निश्चल बसायचं, आणि लोकर झुडपाला घासली तरी सळसळत नाही. नायलॉन वाजतं. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं शिकार संपली, चांगलं झालं. पण तसंच बसणारा माणूस तुमच्या तालुक्यात आहे! नांदूरमध्यमेश्वरला पहाटे दुर्बीण घेऊन बसणारा. २०२० मध्ये राज्यातलं पहिलं रामसर स्थळ म्हणून जाहीर झालेली ही जागा, पाण्यावरचा वारा, आणि पाखरांना आवाज चालत नाही. जाड लोकरी पँट महाराष्ट्रात कुणाला शोभत असेल तर त्याला. आणि शेकोटीजवळ राखण करणाऱ्याला, कारण ठिणगी पडली तर लोकर जळून विझते. नायलॉन वितळून कातडीला चिकटतं.

घेताना लेबल वाचा. हिवाळ्यात बाजारात ‘वुलन’ म्हणून जे मिळतं त्यातलं बरंचसं अ‍ॅक्रिलिक असतं. शिवणीतला एक धागा काढून पेटवा. लोकरीला केस जळल्याचा वास येतो आणि राख चुरगळते, अ‍ॅक्रिलिकची टणक गोळी होते. थोडं नायलॉन मिसळलेलं असेल तर नाक मुरडू नका, त्यानं बसायची जागा लवकर फाटत नाही. जाड पँटला पट्ट्यापेक्षा गॅलस बरे, भिजली की ती खाली ओढली जाते. धुवायची गार पाण्यात, रिठ्यानं, न पिळता, आणि सावलीत आडवी पसरून वाळवायची. गरम पाण्यात चोळलीत तर धाकट्या मुलाला बसेल एवढी आटेल. आणि ठेवताना कडुलिंबाचा पाला घाला, कसर लागते.

(शेवटी श्रोत्यांतून एक प्रश्न आला : आपल्याच घोंगडीच्या कापडाची पँट का शिवू नये? मेंढपाळांची लोकर आज कुणी विचारत नाही.)

फार चांगला प्रश्न. आम्ही शिवून बघितलीय. खरं सांगतो, पहिल्या दिवशी अर्धा तासही चाललो नाही. मांड्या लाल झाल्या. मग सुती अस्तर लावलं, तर टोचणं थांबलं, पण चालताना घाम अस्तरात मुरला आणि मूळ फायदा गेला. आता एका धनगर आजींकडून जावळाचं सूत घेतलंय. त्यांनी आधी विचारलं, पँट कशाला, लेकरा? पांघरून बस की. आम्ही म्हटलं, आजी, चालायचंय. त्या म्हणाल्या, मग चाल, गरम होशील.

कापड अजून मागावर आहे.