आकडा कुठून येतो? वजनकाटा, मॉइश्चर मीटर आणि फॅट मशीनमधला सेन्सर मोजतो कसा, चुकतो कुठं

ऊस भुईकाट्यावर जातो, सोयाबीन बाजार समितीत आणि दूध डेअरीवर. तिन्ही ठिकाणी शेतकऱ्याचा पैसा काचेमागच्या लाल आकड्यावर ठरतो. त्या आकड्यावर शंका सगळेच घेतात, पण तो तयार कसा होतो हे थोड्यांनाच माहीत असतं. त्यामुळं यंत्राची चूक कुठली आणि मुद्दाम केलेली काटामारी कुठली, हे सांगता येत नाही. तक्रार केली तरी ती टिकत नाही. या तिन्ही यंत्रांत सेन्सर असतो. तो काम कसा करतो, चुकतो कुठं आणि शेतकऱ्याला जागेवर काय तपासता येतं, याची ही माहिती.

सेन्सर आणि ट्रान्सड्यूसर

सेन्सर म्हणजे एखादी गोष्ट जाणवणारा भाग. वजन, ओलावा, उष्णता, दाब यात बदल झाला की त्याच्यातही बदल होतो. ट्रान्सड्यूसर म्हणजे एका प्रकारच्या बदलाचं दुसऱ्या प्रकारात रूपांतर करणारा भाग. जुन्या स्प्रिंगच्या काट्यात वजनाचं रूपांतर स्प्रिंगच्या लांबीत व्हायचं आणि काटा सरकायचा. आजच्या काट्यात वजनाचं रूपांतर विजेच्या दाबात होतं. बोलताना दोन्ही शब्द एकाच अर्थानं वापरले जातात आणि व्यवहारात त्यानं काही बिघडत नाही.

लक्षात ठेवायची गोष्ट वेगळी आहे. यंत्र थेट वजन किंवा थेट ओलावा मोजत नाही. ते दुसरंच काहीतरी मोजतं आणि त्यावरून हिशेबानं वजन किंवा ओलावा दाखवतं. हा हिशेब बसवण्याच्या कामाला कॅलिब्रेशन म्हणतात. बहुतेक चुका या रूपांतरात किंवा या हिशेबात होतात.

वजनकाटा: पोलाद किती वाकलं त्याचं माप

इलेक्ट्रॉनिक काट्याच्या प्लॅटफॉर्मखाली लोड सेल असतो. तो म्हणजे पोलादाचा किंवा अ‍ॅल्युमिनियमचा ठोकळा. वजन पडलं की तो डोळ्याला दिसणार नाही इतका वाकतो. त्याच्यावर धातूच्या अतिपातळ पट्टीची नागमोडी जाळी चिकटवलेली असते. तिला स्ट्रेन गेज म्हणतात. ठोकळा वाकला की पट्टी ताणली जाते, लांब आणि बारीक होते आणि तिचा विजेला होणारा विरोध वाढतो. धातू ताणला की विरोध बदलतो, हे लॉर्ड केल्विन यांनी १८५६ मध्ये मांडलं होतं. चिकटवता येणारा स्ट्रेन गेज मात्र १९३८ मध्ये अमेरिकेत एडवर्ड सिमन्स आणि आर्थर रूज यांनी स्वतंत्रपणे तयार केला.

विरोधातला हा बदल फारच बारीक असतो. म्हणून चार गेज चौकोनात जोडतात. या जोडणीला व्हीटस्टन ब्रिज म्हणतात. नेहमीच्या लोड सेलला ५ व्होल्ट दिले, तर पूर्ण वजनाला तो साधारण १० मिलिव्होल्ट परत देतो. म्हणजे १०० किलोच्या लोड सेलवर १० ग्रॅमचा फरक ओळखायचा तर व्होल्टचा दहा लाखावा भाग ओळखावा लागतो. घड्याळातल्या पेन्सिल सेलच्या दीड व्होल्टचा हा पंधरा लाखावा भाग झाला. केबलच्या जोडावर ओल आली, उंदरानं वायर कुरतडली किंवा प्लॅटफॉर्मखाली खडा अडकला, तर आकडा का हलतो ते यावरून समजावं.

जुनी तागडी आणि हा काटा यात आणखी एक फरक आहे. तागडी मालाची तुलना थेट वजनमापाशी करते. लोड सेल माल खाली किती जोरानं ओढला जातो ते मोजतो आणि हा जोर पृथ्वीवर सगळीकडं सारखा नसतो. विषुववृत्त आणि ध्रुव यांत सुमारे अर्ध्या टक्क्याचा फरक पडतो. म्हणून काट्याचं कॅलिब्रेशन तो जिथं वापरायचा त्या भागाप्रमाणं करावं लागतं.

चुकांचे प्रकार

शून्याची चूक: प्लॅटफॉर्म रिकामा असताना आकडा शून्य नसतो. चिखल, पाचट, पाणी साचलं की हे होतं. ही चूक प्रत्येक वजनात सारखीच मिसळते.

प्रमाणाची चूक: रिकामा काटा बरोबर शून्य दाखवतो, पण वजन वाढेल तशी चूकही वाढते. १०० किलोला अर्धा किलो कमी, तर २० टनाला १०० किलो कमी. शून्य बघून ही चूक कधीच सापडत नाही, म्हणून हीच जास्त घातक.

कोपऱ्याची चूक: तेच पोतं मध्ये ठेवलं तर एक वजन आणि कोपऱ्यात ठेवलं तर दुसरं. भुईकाट्याखाली अनेक लोड सेल असतात. त्यातला एक बिघडला किंवा खचला की असं होतं.

चढ-उताराची चूक: वजन वाढवत नेताना ५० किलोला एक आकडा आणि जास्त वजन ठेवून उतरवताना त्याच ५० किलोला दुसरा. ठोकळा पूर्ण सरळ व्हायला वेळ घेतो, त्यामुळं हा फरक पडतो.

सरकत जाणारी चूक: सकाळी थंडीत एक आकडा, दुपारी उन्हात दुसरा. धातू आणि वायर तापल्यानं विरोध बदलतो. वर्षानुवर्षं वापरल्यानंही हळूहळू फरक पडत जातो.

थरथर: वारा, हलणारं जनावर, चालू इंजिन यामुळं आकडा वर-खाली होतो. ही चूक कधी जास्त बाजूला, कधी कमी बाजूला असते. त्यामुळं तीन-चार वेळा मोजून सरासरी काढली की ती कमी होते. बाकीच्या चुकांना हा उपाय लागू पडत नाही. काटाच कमी दाखवत असेल तर शंभर वेळा मोजलं तरी कमीच येणार.

उसाच्या गाडीचा हिशेब

भरलेल्या गाडीच्या वजनातून रिकाम्या गाडीचं वजन वजा केलं की उसाचं वजन मिळतं. दोन्ही वेळा शून्याची चूक सारखीच असेल तर वजाबाकीत ती आपोआप निघून जाते. म्हणजे रिकामा काटा ४० किलो दाखवत असला तरी, दोन्ही वजनांत ते ४० किलो असल्यानं उसाचं वजन बरोबर येतं. घोळ होतो तो दोन वजनांच्या मध्ये काही बदललं तर. भरलेल्या गाडीच्या वेळी ड्रायव्हर खाली उतरला आणि रिकाम्या गाडीच्या वेळी केबिनमध्ये बसून राहिला, तर ७० किलोच्या ड्रायव्हरमागं ७० किलो ऊस कमी मोजला जातो.

प्रमाणाची चूक मात्र वजाबाकीनं जात नाही. २० टन उसामागं अर्ध्या टक्क्याची चूक म्हणजे १०० किलो. २०२५-२६ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के उताऱ्याला एफआरपी क्विंटलला ३५५ रुपये ठरली होती. त्यातून तोडणी-वाहतूक वजा होते ते वेगळं. एका खेपेला एक क्विंटल गेला तर २०० टन ऊस घालणाऱ्याचा एक टन ऊस हिशेबात येतच नाही.

कायदाही काट्याला थोडी मुभा देतो. १० किलोच्या टप्प्यानं मोजणाऱ्या नेहमीच्या भुईकाट्याला पडताळणीच्या वेळी ५ टनांपर्यंत ५ किलो, ५ ते २० टनांपर्यंत १० किलो आणि त्यापुढं १५ किलो कमी-जास्त चालतात. वापरातल्या काट्याची तपासणी करताना ही मुभा दुप्पट धरतात. त्यामुळं दोन भुईकाट्यांवर एकाच गाडीचं वजन २०-३० किलोंनी वेगळं आलं तर तेवढ्यावरून काटामारी सिद्ध होत नाही. फरक ३०० किलोंचा असेल तर मात्र तो मुभेत बसत नाही आणि त्याचा जाब विचारायलाच हवा.

मॉइश्चर मीटर: ओलावा नव्हे, विजेचा गुण

सोयाबीनसाठी वापरले जाणारे बरेच मीटर कपॅसिटन्स पद्धतीचे असतात. दोन धातूंच्या पत्र्यांमध्ये दाणे भरले की त्या जोडीत किती वीज साठते ते मीटर मोजतं. कोरड्या दाण्यापेक्षा पाणी कितीतरी पटीनं जास्त वीज साठवू देतं. पाण्याचा हा गुण सुमारे ८०, तर कोरड्या धान्याचा दोन ते पाचच्या आसपास. म्हणून थोडा ओलावा वाढला तरी आकडा हलतो. कापसाच्या मीटरमध्ये बहुधा दोन सुया असतात आणि त्यांच्यामधल्या कापसातून वीज किती सहज जाते ते मोजलं जातं.

यात चूक कशानं येते? पहिलं म्हणजे पिकाची निवड. मीटर हरभऱ्यावर लावलेला असेल आणि आत सोयाबीन असेल तर आकडा निरर्थक. दुसरं, दाण्याची उष्णता. उन्हातून थेट आणलेल्या गरम दाण्याचं रीडिंग वेगळं येतं. तापमानाची दुरुस्ती करणारी मीटरंसुद्धा दाणा आणि मीटर यांच्या उष्णतेत जास्त फरक असला की चुकतात. तिसरं, भरण्याची पद्धत. दाणे दाबून भरले की जास्त, मोकळे सोडले की कमी. कापूस सुयांभोवती घट्ट दाबला तरी रीडिंग वाढतं. चौथं, नुसता वरून भिजलेला माल. दाण्याच्या सालीवरचं पाणी मीटरला जास्त जाणवतं.

पक्कं माप हवं असेल तर ओव्हनचं. एका मान्य पद्धतीत अख्खे सोयाबीन दाणे १०३ अंश सेल्सिअसला ७२ तास वाळवून वजनातली घट मोजतात. बाजारात हे शक्य नाही, पण मीटरचं कॅलिब्रेशन शेवटी अशाच मापावर बसवलेलं असतं.

एक टक्क्याची किंमत किती? एक क्विंटल सोयाबीनमध्ये १३ टक्के ओलावा असेल तर कोरडा माल ८७ किलो. तोच माल १२ टक्क्यांवर आणला तर वजन ९८.८६ किलो भरतं. म्हणजे घट सुमारे १.१४ किलो. २०२५-२६ चा हमीभाव ५,३२८ रुपये धरला तर सुमारे ६० रुपये. एक टक्का जास्त ओलाव्यासाठी क्विंटलला याहून बरीच जास्त कपात होत असेल तर तिला वाळवण्याच्या घटीचा आधार नाही. वाळवणीचा खर्च म्हणून ती लावली जात असेल तर तसं सांगून लावावी. हमीभाव केंद्रावर तर १२ टक्क्यांची रेषा आहे. २०२४-२५ च्या हंगामात केंद्रानं ती १५ पर्यंत सैल केली होती. रेषेजवळच्या मालाला अर्ध्या टक्क्याच्या चुकीनंही परत जावं लागू शकतं. म्हणून १२.३ किंवा १२.४ असं रीडिंग आलं तर दुसरं सॅम्पल मागणं रास्त आहे.

फॅट मशीन: आवाजाचा वेग

डेअरीवरची बरीच मशीनं दुधातून अल्ट्रासाउंड, म्हणजे कानाला न ऐकू येणारा आवाज सोडतात. फॅट आणि एसएनएफ बदलले की दुधातून जाणाऱ्या आवाजाचा वेग बदलतो. त्यावरून मशीन हिशेब करतं. गाईच्या दुधाला ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ हा राज्यात दराचा पाया आहे, त्यामुळं पॉइंटाचा फरकही दरात दिसतो.

या मशीनचा मोठा शत्रू म्हणजे हवा. ताज्या दुधातला फेस आणि बुडबुडे आत गेले की आवाजाचा वेग बिघडतो. दूध नीट न ढवळता वरून सॅम्पल घेतलं तर साय जास्त येते आणि तळातून घेतलं तर कमी. आंबट होऊ लागलेलं दूध, नळीत साचलेला दुधाचा थर, गाय-म्हैस निवडण्यात झालेली चूक ही नेहमीची कारणं. पडताळणीसाठी गर्बर पद्धत अजूनही मानली जाते. त्यात सल्फ्युरिक आम्लानं दुधातले बाकीचे घटक विरघळवून, नळी यंत्रात फिरवून फॅट वेगळं करतात आणि नळीवरच्या खुणांवर वाचतात.

दुधाच्या मापाचा आणखी एक मुद्दा. एक लिटर दूध सुमारे १.०३ किलो भरतं. काटा किलोचा आणि दर लिटरचा असेल तर १०.३ किलो म्हणजे १० लिटर. पावतीवर कुठलं माप धरलं आहे ते दोन्ही बाजूंना माहीत असावं.

जागेवर काय तपासावं

१. गाडी किंवा पोतं चढण्याआधी आकडा शून्य आहे का ते बघावं. छोटा काटा सपाट जागेवर आहे का आणि त्याच्या लेव्हलचा बुडबुडा मध्ये आहे का तेही बघावं.

२. तेच पोतं मध्ये आणि चारही कोपऱ्यांवर ठेवून बघावं.

३. दोन पोती वेगवेगळी मोजावीत, मग एकत्र. बेरीज जुळायला हवी. जुळली नाही तर शून्य किंवा चढ-उतारात दोष आहे. जुळली म्हणून काटा बरोबर ठरत नाही, कारण प्रमाणाची चूक यात दिसत नाही.

४. प्रमाणाची चूक पकडायला शिक्का असलेलं प्रमाणित वजनमापच लागतं. ते ठेवून बघण्याची मागणी करावी.

५. मीटरचं रीडिंग वेगवेगळ्या पोत्यांतून घेतलेल्या, सावलीत निवलेल्या सॅम्पलचं, किमान तीनदा घ्यावं. तीन आकड्यांत मोठा फरक असेल तर त्या मीटरवर सौदा करू नये.

६. दूध ढवळूनच सॅम्पल द्यावं. शंका आली तर तेच सॅम्पल पुन्हा लावायला सांगावं आणि त्यानंतरही शंका राहिली तर गर्बर तपासणी मागावी.

७. काट्यावर पडताळणीचा शिक्का आणि चालू प्रमाणपत्र आहे का ते बघावं. वैधमापन कायदा २००९ खालच्या नियमांनुसार इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी दर १२ महिन्यांनी करून घ्यावी लागते. सील तुटलेलं दिसलं तर फोटो काढून ठेवावा.

तक्रार जिल्ह्यातल्या वैधमापन निरीक्षकाकडं लेखी द्यावी. ‘काटा मारतात’ एवढंच लिहून उपयोग होत नाही. तारीख, वेळ, गाडी नंबर, दोन्ही काट्यांच्या पावत्या आणि वजनातला फरक लिहावा. तो फरक मुभेत बसतो की नाही तेही लिहावं. आकड्याला आकड्यानंच उत्तर दिलं की तपासणी टाळणं समोरच्याला अवघड जातं.