पाहुणा थांबतो कुठे? घारापुरी, वेळास आणि इगतपुरीचा थांबा



"विषय ठरलाय, पण रिसर्च क्वेश्चन कसा काढायचा?" पेटची तयारी करणाऱ्यांकडून हा प्रश्न नेहमी येतो. आज एक विषय घेऊन ते प्रत्यक्ष करून बघू. विषय आहे बेटांवरचं शाश्वत पर्यटन आणि सामाजिक उद्योजकता. मी हे लिहितेय इगतपुरीत बसून, जिथे समुद्र नाही. तरी सुरुवात इथूनच करते, कारण माझा प्रश्न मला इथेच सापडला.

इगतपुरी: गाडी उभी राहायची तेव्हा

कसारा ते इगतपुरी हा थळ घाटातला रेल्वेमार्ग 1865 मध्ये सुरू झाला. चढ 1:37, म्हणजे 37 मीटर पुढे गेलं की 1 मीटर वर. म्हणून कसाऱ्याहून वर येणाऱ्या गाडीला जादा बँकर इंजिनं लावतात. पुढे विजेची इंजिनं आली. मुंबईकडून इगतपुरीपर्यंत 1500 व्होल्ट डीसी आणि इगतपुरीच्या पुढे 25,000 व्होल्ट एसी अशी व्यवस्था झाली, त्यामुळे गाडीचं इंजिन इथे बदलावं लागायचं. तेवढा वेळ गाडी उभी. चहावाला, वडापाववाला, सगळ्यांचा धंदा त्या वेळावर. नंतर डीसीचं एसी झालं आणि इंजिन बदलायचं कारणच उरलं नाही. गाड्या तेवढ्याच, प्रवासी तेवढेच, पण थांबा लहान झाला. जून 2025 मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाला. त्यात सुमारे 8 किलोमीटरचा बोगदा आहे. आता घाट कधी संपला हे गाडीतल्यांना कळतही नाही.

म्हणजे गावावरून किती लोक गेले हा एक आकडा आणि गावात किती थांबले हा दुसरा. माझ्या पहिल्या सिनॉप्सिसमध्ये फक्त पहिला आकडा होता. मॅडमनी तो वाचून एवढंच विचारलं, "यातलं गावात काय राहिलं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. सिनॉप्सिस परत आला.

मग बेट कशाला?

आपण सायन्सवाले प्रयोगाआधी सिस्टीमची सीमा आखतो. आत काय आलं, बाहेर काय गेलं, मधे काय साठलं. मोकळ्या गावात ही सीमा आखणं अवघड, कारण शंभर वाटा असतात. बेटावर ती निसर्गानेच आखलेली असते. मॅकआर्थर आणि विल्सन यांनी 1967 मध्ये बेटांवरच्या प्रजातींचा सिद्धांत मांडला, त्यातही हाच फायदा होता. बेटावर माणूस, माल, पैसा जवळजवळ सगळंच धक्क्यावरून येतं आणि धक्क्यावरूनच जातं. म्हणून आपण घारापुरी घेऊ.

घारापुरी: 1987 आणि 2018

घारापुरी मुंबई बंदरात असलं तरी ते रायगड जिल्ह्याच्या उरण तालुक्यात येतं. शेतबंदर, राजबंदर आणि मोराबंदर अशा तीन वस्त्या. बंदराजवळच्या दगडी हत्तीवरून पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा म्हटलं. तो हत्तीसुद्धा बेटावर राहिला नाही. 1864 मध्ये इंग्रजांनी तो उचलून न्यायचा प्रयत्न केला, त्यात तो फुटला. तुकडे जोडून उभा केलेला हत्ती आज भायखळ्याच्या राणीच्या बागेत आहे. 1882 च्या ठाणे जिल्हा गॅझेटियरमध्ये इथल्या लेण्यांचं सविस्तर वर्णन आहे. अभ्यासकांचं लक्ष तेव्हापासून दगडावरच.

आता दोन तारखा शेजारी ठेवा. 1987 मध्ये घारापुरीची लेणी युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आली. त्याच वर्षी ब्रुंटलँड आयोगाचा अहवाल आला आणि 'शाश्वत विकास' हा शब्द जगभर गेला. पण बेटावरच्या घरांना कायमची वीज मिळाली फेब्रुवारी 2018 मध्ये, समुद्राखालून केबल टाकून. तोवर संध्याकाळी काही तास जनरेटर चालायचा. लेणी जगाच्या यादीत गेल्यावर 31 वर्षांनी खालच्या घरात रात्रभर दिवा लागला.

पर्यटक कमी होते का? मुळीच नाही. पण ते गेटवेहून सकाळी लाँचने येतात, पायऱ्या चढतात, लेणी बघतात आणि संध्याकाळच्या आत परत जातात. पर्यटकांना बेटावर रात्री मुक्काम करता येत नाही. गावाच्या वाट्याला येतात पायऱ्यांवरची दुकानं, खाणंपिणं आणि ग्रामपंचायतीचा कर. संरक्षणाच्या दृष्टीने मुक्कामबंदीला कारणं असतील, मी तिच्या विरोधात लिहीत नाही. एवढंच म्हणते की वारसा टिकवण्याचा नियम आणि गावाची कमाई यांचा हिशोब एकत्र मांडायला हवा.

इथे बटलर यांचा 1980 चा लेख वाचाच. पर्यटनस्थळाच्या आयुष्याचे टप्पे त्यांनी मांडले. सुरुवातीला स्थानिक लोक पाहुण्यांची सोय करतात. पुढे गर्दी वाढते, बाहेरचं भांडवल येतं आणि स्थानिकांचा ताबा सुटत जातो. सामाजिक उद्योजकतेचा प्रश्न नेमका याच वळणावर येतो: हा ताबा गावाकडे राहील अशी रचना करता येते का?

वेळास: मुक्काम घरातच

रत्नागिरी जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यातलं वेळास हे बेट नाही. तरी तुलनेला घेते, कारण तिथे मुक्काम हाच मुख्य भाग आहे. ऑलिव्ह रिडले कासवं या किनाऱ्यावर अंडी घालतात. पूर्वी ती अंडी माणसं आणि कोल्हीकुत्री नेत असत. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने 2002 पासून गावकऱ्यांना बरोबर घेऊन घरटी राखायला सुरुवात केली आणि 2006 पासून कासव महोत्सव सुरू झाला. पाहुणा गावातल्याच घरात राहतो, तिथेच जेवतो आणि पिल्लं समुद्रात जाताना बघतो. अंडी राखली तरच पाहुणे येणार, हे गावातल्या घराघराला कळलं. 'सामाजिक उद्योजकता' म्हणतात ती हीच: प्रश्न सोडवण्याच्या कामातूनच कमाई उभी करायची. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी गटातल्या महिला 2017 पासून पाहुण्यांना होडीतून कांदळवन दाखवतात, तेही याच जातीचं काम.

पण वेळासला आदर्श म्हणून डोक्यावर घेऊ नका. हंगाम जेमतेम काही महिन्यांचा, कासवं किती येतील ते गावाच्या हातात नाही, आणि गर्दी वाढली तर किनाऱ्यालाच त्रास. बटलर यांचं वळण वेळासलाही चुकलेलं नाही.

तुमच्यासाठी गृहपाठ

आता विषयाचा प्रश्न झालेला बघा. "बेटांवरील शाश्वत पर्यटनाचा अभ्यास" हा फक्त विषय. "मुक्कामाची सोय कोणाच्या हातात आहे, यावर पर्यटनाच्या पैशातला गावात राहणारा वाटा किती बदलतो?" हा प्रश्न. याला मोजता येणारं काही आहे, तुलना आहे, आणि उत्तर आपल्याला नको तसंही येऊ शकतं. तशी शक्यता नसेल तर तो प्रश्न सोडून द्या.

तुमच्या जवळचं एक ठिकाण घ्या. लेणं, धरण, देवस्थान, काहीही. तिथला पाहुणा शेवटचे शंभर रुपये कोणाला देतो आणि ते रात्री कुठे असतात, एवढंच आठवडाभर विचारत फिरा. मी येत्या शनिवारी हेच करायला इगतपुरी स्टेशनबाहेर उभी राहणार आहे. परत आलेला सिनॉप्सिस पिशवीतच आहे, त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर नोंदी करीन.